पोळ्याचं शेणपाणी

माझं तोंड वाईट आहे, हे मी आधीच सांगून टाकते. गावातल्या बाया मला समोर मालूबाई म्हणतात आणि माझी पाठ वळली की शेण-तहसीलदार म्हणतात. मला ठाऊक आहे. राग येतो, पण काय करता, म्हणतात ते खोटंही नाही.

आमचं गाव आंबाझिरी. बुऱ्हाणपूर भागातल्या खकनारहून डोंगराकडं निघालं की जिथं रस्ता संपतो, तिथं. खाली पाण्याच्या शेतांत केळी, वर हलक्या रानात कपाशी, आणि मधे ऐंशी घरं. विजेची तार आमच्यापर्यंत कधी आलीच नाही. त्याच्याऐवजी दोन हजार अकरा साली प्लांट आला. ऊन, वारा आणि शेण या तिघांवर चालणारा. सोलरच्या प्लेटा आहेत, टेकडीवर एक पवनचक्की आहे, आणि गावाच्या खालच्या अंगाला गोबरगॅसची मोठी टाकी आहे, तिच्या गॅसवर इंजिन चालतं. तिघांची वीज एका खोलीत येते, बॅटऱ्यांत भरते आणि तिथून घराघरांत जाते. उन्हाळ्यात प्लेटाच सगळं निभावून नेतात. पण पावसाळ्यात आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही. पवनचक्कीचं तर काय सांगू, जावयासारखी आहे, मनाला येईल तेव्हा हलते. मग सगळा भार गॅसवर. आणि गॅस म्हणजे मी.

मला या कामावर कोणी ठेवलं नव्हतं. आधी तीन बाप्ये शिकवले होते. एक सुरतला गेला, एकाला वास सहन होईना, आणि तिसरा इंजिन सुरू करून पत्ते खेळायला बसायचा. मी तेव्हा टाकीवर शेण वाहायला होती. त्याच्या आधी वीस वर्षं लोकांच्या केळीच्या बागांत घड वाहिले, मान आखडून गेली. एक दिवस तिसरा आलाच नाही, अंधार पडायला लागला, तर मी इंजिनाचं हँडल फिरवलं. रोज बघत होती ना. गाव उजळलं. तेव्हापासून मीच. पाचवी शिकलेली आहे, आकडे लिहिता येतात, बस झालं.

काम सोपं नाही. रोज पाळीपाळीनं वीस घरांनी शेण आणून द्यायचं. त्यात केळीचं खोड बारीक चिरून टाकायचं, पाणी घालून कुंडीत कालवायचं, मग टाकीत सोडायचं. टाकीवर लोखंडी टोप आहे, गॅस भरला की तो वर येतो, संपला की खाली बसतो. शेणात खडा नको, काडी नको, आणि साबण, फिनाइल, औषध यांचा थेंबसुद्धा नको. टाकीच्या आत जीव असतात, ते शेण खातात म्हणून गॅस होतो. साबण गेला की ते मरतात. हे मला इंजिनीअरनं सांगितलं आणि मी गावाला सांगितलं, म्हणजे ओरडून सांगितलं, सहा वर्षं.

सगळ्यांत जास्त ओरडा खाल्ला धुरपदाबाईनं. प्लांटला लागून तिचं घर. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, चार म्हशी, आणि जीभ माझ्याच तोलाची. तिला सगळं गाव जिजी म्हणतं, मीही जिजीच म्हणते, भांडतानासुद्धा. मी म्हणायची, जिजी, तुमच्या शेणात निम्मा कडबा आहे. ती म्हणायची, तुझ्या टाकीच्या वासानं मला जेवण जात नाही. असं आमचं रोज चालायचं.

सतरा सालच्या जून महिन्यात नंदकुमार कागद घेऊन आला. नंदकुमार म्हणजे आमच्या प्लांटचा इंजिनीअर. बुऱ्हाणपूरच्या लालबागेत राहतो आणि महिन्यातून दोनदा मोटरसायकलनं येतो. निम्मं हिंदी, निम्मं मराठी बोलतो, पण माणूस सरळ आहे.

"मावशी, ग्रिड आ रहा है," तो म्हणाला. "मोठी लाइन. खांब ऑगस्टात येतील."

"मग या प्लांटचं काय?"

"तेच सांगायला आलोय. सप्टेंबरात वीज खात्याच्या मोठ्या मॅडम येणार. संध्याकाळी सहाला त्या मोठी लाइन बंद करतील, आणि नऊपर्यंत गाव आपल्या प्लांटवर चाललं पाहिजे. एकदाही लाइट जायला नको. चाललं तर प्लांट ग्रिडला जोडतील आणि तो इथंच राहील. नाही चाललं तर खोलून दुसऱ्या गावी नेतील."

"आणि मी?"

त्यानं कागदाची घडी घातली. "ऑपरेटरचं काम मॅडम बघणार. ऑपरेटरची मोठी गलती निघाली तर बाहेरचा माणूस ठेवतील. तुमचं काय निघणार आहे, मावशी? टेन्शन मत लो."

पण खरं सांगते, टेन्शन आलंच. संध्याकाळी मी हँडल फिरवते, इंजिन दोनदा खोकतं, मग सूर धरतं, आणि खालपासून वरपर्यंत एकेक घर दिसायला लागतं. हे मला कोणालाही द्यायचं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. जन्मात पहिल्यांदा एक काम असं मिळालं होतं की मी नसली तर अडत होतं.

ऑगस्टात खांब आले, तारा आल्या, मोठी लाइन गावाच्या तोंडाशी येऊन थांबली. आणि मग पोळा आला.

आम्ही पोळ्याला बैल नाल्यावर धुतो. त्या साली नाला दुथडी भरून वाहत होता, पाणी सगळं लाल. त्यात बैल घातला तर धुऊन निघायच्या ऐवजी मळून निघाला असता. देवराम पाटील सकाळीच माझ्याकडं आले. पाटलांनी माझ्याकडं काही मागायला येणं, हेच नवल.

"मालूबाई, प्लांटच्या अंगणात सिमेंट आहे, पंप आहे. सणाचा दिवस आहे. बैल तिथं धुऊ देता का?"

मी थोडा भाव खाल्ला. मग म्हटलं, आणा.

पस्तीस जोड्या आल्या. सकाळपासून दुपारपर्यंत नुसती धमाल. आदल्या दिवशी कोणी कोणी बैलांना गोचिडाचं औषध चोळलं होतं, ते धुऊन काढायला लोकांनी कपड्याची पावडर आणली होती, पुड्याच्या पुड्या. बैल फेसानं पांढरे झाले. ब्रशनं घासले, पंपाच्या पाण्यानं धुतले, मग शिंगांना रंग, गळ्यात माळा. जो तो जाताना म्हणत होता, मालूबाई, चांगलं केलं वं. सहा वर्षांत पहिल्यांदा गावानं मला चांगलं म्हटलं. मी फुगली. खोटं काय बोलू.

आता बैल आहेत, ते उभे राहिले की शेण टाकणारच. सगळं अंगण शेणानं भरलं, आणि ते पाणी पन्हाळीतून बाहेर शेताकडं वाहून चाललं होतं. आमच्या पन्हाळीला एक फळी आहे. खाली टाकलेली असली की पाणी शेतात जातं. वर उचलली की कालवायच्या कुंडीत, आणि तिथून टाकीत. पस्तीस जोड्यांचं शेण वाया चाललेलं बघून माझा जीव तुटला. आभाळ भरलेलं, प्लेटा थंड, मॅडम पंधरा-वीस दिवसांवर. मी गेली आणि माझ्या हातानं फळी उचलली.

साबण माझ्या ध्यानातच आला नाही. तुम्ही म्हणाल, कसं शक्य आहे, सहा वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यावर बसलेली बाई. पण माझ्या डोक्यात साबण म्हणजे बायांचं धुणं. बैलाच्या अंगावरचा फेस मला साबण वाटलाच नाही, तो मला सण वाटला. दुपारभर फळी वर राहिली. संध्याकाळी मी ती खाली टाकली, कुंडी भरलेली बघून खूश झाली, आणि पुरणपोळी जेवायला घरी गेली.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी टोप हातभर खाली. मला वाटलं, थंडावा आहे, होतं असं. चौथ्या दिवशी गणपती बसले. संध्याकाळी मारुतीपुढच्या मंडपात आरती सुरू झाली, सगळं गाव जमलेलं, आणि घालीन लोटांगणला लाइट गेली.

मी धावत टाकीवर गेली. टोप तळाला बसला होता. झाकण उघडलं तर नेहमीचा वास नाही, आंबट, नासलेला वास. मला कळलं की टाकीत काहीतरी गेलंय. आणि मला हेही आठवलं की आदल्या दिवशी धुरपदाबाई कुंडीच्या भिंतीपलीकडं गोधड्या धुवत होती. झालं. मी मंडपात परत आली. लोक मोबाइलच्या उजेडात उभे होते. मी सगळ्यांसमोर तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"जिजी, तुम्ही मुद्दाम केलं. वासाचा राग काढला. तुमच्या साबणानं माझी टाकी मेली. आता प्लांट गेला गावातून, तुमच्यामुळं गेला."

आणखी बरंच बोलली. सगळं इथं सांगत नाही. मला वाटलं होतं, ती दुप्पट बोलेल. तिनं प्रसादाची वाटी कोणाच्या तरी हातात दिली आणि घरी निघून गेली. लोक तिच्याकडं बघत होते. मला तेव्हा वाटलं, गप्प बसली म्हणजे तिनंच केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नंदकुमार आला. टाकीतलं पाणी बाटलीत घेतलं, त्यात कागदाची पट्टी बुडवली, हुंगलं, तोंड वाकडं केलं.

"कुछ गया है अंदर, मावशी."

"गोधड्यांचं पाणी गेलंय. जिजीनं सोडलं."

"दोन गोधड्यांनी एवढी टाकी मरत नाही. खूप गेलंय. पोळ्याच्या दिवशी इथं बैल धुतले म्हणे. कशानं धुतले?"

मी म्हटलं, कपड्याच्या पावडरनं. आणि ते म्हणता म्हणता मला फळी दिसली. माझा हात दिसला.

"फळी खाली होती ना?" त्यानं विचारलं.

"खाली होती," मी म्हटलं.

असं मी बोलली. पटकन, तोंड वर करून. त्यानं माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि पुढचं काही विचारलं नाही.

घरी आली तर आमचे हे, म्हणजे कौतिकराव, ओट्यावर दोर वळत बसले होते. माणूस असा की दिवसाला दहा शब्द बोलला तर ताप आला का बघावं लागतं. मी भांडी आपटायला लागली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "फळी तूच उचलली होती."

मी थबकली. "तुम्ही पाहिलं?"

"समोरच उभा होतो. जोडी धरून."

"मग काल मंडपात बोलले का नाहीत?"

"तू बोलत होतीस," ते म्हणाले. "मधे जागा कुठं होती?"

त्या दिवशी मी जेवली नाही. मला दोन भीती होत्या. खरं सांगितलं तर काम जाईल. नाही सांगितलं तर टाकी सुरू होणार नाही, कारण नंदकुमारला नक्की काय गेलं हेच कळणार नाही, आणि मग प्लांटच जाईल. हा झाला हिशोबी विचार. पण त्याच्याही खाली एक गोष्ट टोचत होती. ती म्हातारी प्रसाद न घेता घरी गेली होती.

सकाळी उजाडल्यावर मी तिच्या दारात गेली. ती म्हशीची धार काढत होती. मी उभी राहिली, ती बघेना. मग मीच म्हटलं, "जिजी, चुकलं. साबण बैलांचा गेला. फळी मी उचलली होती."

धार चालूच. मला वाटलं, ऐकलं नाही का काय. मग ती म्हणाली, "माझ्या गोठ्यात कशाला सांगते? मला जिथं बोलली, तिथं सांग."

"सगळ्यांसमोर?"

"बोलायच्या वेळी सगळे चालले ना?"

तिचं बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला. पण गेली. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात आरती झाली, आणि मी मंडपात उभी राहिली. माझा आवाज एरवी नाल्यापलीकडं जातो, त्या दिवशी मंडपाबाहेरही जाईना. मी सांगितलं, जिजीचा काही दोष नाही. पोळ्याच्या दिवशी मी फळी उचलली, शेणाच्या लोभानं. साबणाचं पाणी माझ्या हातानं टाकीत गेलं. मी जिजीवर खोटा आळ घेतला आणि नंदकुमारला खोटं सांगितलं. आता टाकी जगवायची तर पंधरा दिवस प्रत्येक घराचं सगळं शेण पाहिजे, पाळी नाही, सगळं. आणि मी काही मागायच्या लायक नाही, तरी मागते.

मग देवराम पाटील म्हणाले, "मालूबाई, तुम्हाला एवढं हळू बोलता येतं, हे आज कळलं."

हसू फुटलं सगळ्यांना. मलाही आलं, रडता रडता. आणि मागून कोणीतरी म्हणालं की साबण तर आमच्याच हातचा होता, एकट्या मालूबाईचा नाही. जिजी हसली नाही. पण प्रसाद घेतला तिनं, ते मी बघितलं.

नंदकुमारला फोन लावला. मी सांगायच्या आधीच तो म्हणाला, "मला माहीत होतं, मावशी. तुमच्या तोंडावर लिहिलं होतं. मी वाट बघत होतो." मग त्यानं उपाय सांगितला. निम्मी टाकी उपसून काढा. ताजं शेण घाला, केळीचं खोड आठ दिवस बंद. आणि चालू टाकीतलं पाणी आणून आत टाका, त्यात जिवंत जीव असतात. दुधाला विरजण लावतात तसंच, आम्हा बायांना काय ते नवीन नाही.

चालू टाकी होती बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरला, विनायकराव म्हणून एका मोठ्या केळीवाल्याच्या मळ्यात. पाटलांनी आपला ट्रॅक्टर काढला. डांबराची सहा रिकामी पिंपं घेऊन मी आणि कौतिकराव गेलो, ते काळं पाणी भरलं, आणि चाळीस किलोमीटर जणू नवरीची पालखी आणतो असं सांभाळत आणलं. रस्त्यात लोक नाक धरून बघत होते. मी त्यांना म्हटलं, बघा बघा, तुमच्या घरी नाही येणार.

गावानं शेण दिलं. कुरकुर करत दिलं, पण दिलं. बायांनी गोवऱ्या थापायच्या थांबवल्या. माझ्यासमोर टोपली उलटी करायची आणि म्हणायचं, बघून घ्या तहसीलदार बाई, काडी सापडते का. समोर म्हणायला लागल्या आता. मी ऐकून घेतलं. जिजी चार म्हशींचं शेण स्वतः आणायची, कुंडीच्या काठावर ठेवायची आणि एक शब्द न बोलता जायची. भांडायचीसुद्धा नाही. ते मला फार जड जायचं.

पहिले सहा दिवस टोप हलला नाही. मी सकाळी जायची, दुपारी जायची, हात लावून बघायची. सातव्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती अंधारातच गेले, आणि मी मनात म्हटलं, संपलं. नवव्या दिवशी सकाळी टोपाच्या कडेला ओली रेघ दिसली. म्हणजे टोप बोटभर वर आला होता. मी नळी लावून काडी ओढली. आधी नुसतं फुस्स झालं. मग निळी ज्योत धरली. मी तिथंच चिखलात बसली आणि देवाचं नाव घेतलं. किती बरं वाटलं, ते मला सांगताच येणार नाही. अंगातला ताप उतरावा, तसं झालं.

त्याच्यानंतर सहा दिवसांनी मॅडम आल्या. सुलभा मॅडम, इंदूरच्या, मराठीच, पण कामाचं हिंदीतून बोलायच्या. बरोबर नंदकुमार, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. आभाळ भरलेलं, प्लेटांनी दिवसभरात बॅटऱ्या जेमतेम निम्म्या भरलेल्या. पवनचक्की त्या दिवशी हलली नाही, सांगायलाच नको.

मोठी लाइन त्या दिवशी सकाळीच गावाला जोडली होती, ती सहाला मॅडमनी बंद केली. गाव बॅटरीवर आलं. सातला मी इंजिन लावलं. खोकलं, सूर धरला. त्या दिवशी कोणी घरात नव्हतं, सगळे प्लांटच्या अंगणात. मी टोपाकडं बघत होती आणि गाव माझ्याकडं. साडेआठला टोप खालच्या खुणेवर आला. नंदकुमारच्या कपाळावर घाम. मी देवराम पाटलांना म्हटलं, वरच्या आळीला सांगा, टीव्ही बंद करा, पंखे बंद करा. ते म्हणाले, सातपासून बंदच आहेत, बाई. नऊला दहा मिनिटं असताना इंजिनाचा आवाज जरा बसला. मी नळ दोन बोटं फिरवला, आवाज उठला. त्या दहा मिनिटांत मी नळावरचा हात काढला नाही.

नऊ वाजले. मॅडमनी मोठी लाइन चालू केली आणि आमचा प्लांट तिला जोडला. दिवा फडफडलासुद्धा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "बढ़िया. प्लांट राहणार."

पण त्यांनी माझी वही मागितली. गॅसचे आकडे मी रोज लिहिते. त्यांनी पानं उलटली आणि बोट ठेवलं.

"हे काय? पंचवीस ऑगस्टपासून पुढं शून्य, शून्य, शून्य. टाकी बंद होती? का?"

नंदकुमार घसा खाकरायला लागला. "मॅडम, वो क्या हुआ, बारिश में थोडा..."

"बारिश नाही. कोणाची गलती होती? मला लिहावं लागेल. ऑपरेटरची?"

ऐंशी घरांना माहीत होतं आणि एकही तोंड उघडेना. मला सांगायचं होतं, पण जीभ टाळूला चिकटली होती. आणि तेवढ्यात गर्दीतून जिजी पुढं आली.

"माझी गलती, मॅडम," ती म्हणाली. "मी गोधड्या धुतल्या, साबणाचं पाणी कुंडीत गेलं. मी अडाणी बाई. ऑपरेटरनं तर टाकी जगवली."

मॅडमनी पेन उघडलं. जिजी अशी उभी होती, जणू भाजीचा भाव सांगून मोकळी झाली. आणि माझं डोकं फिरलं. इतकं फिरलं की जीभ सुटली.

"खोटं बोलते ही बाई," मी ओरडली. "हिच्या गोधड्या कुठल्या आल्यात? मॅडम, लिहा. मालूबाई कौतिक. पोळ्याला बैल धुतले, साबणाचं पाणी होतं, फळी मी उचलली. आधी मी हिच्यावर आळ घेतला होता, आता ही स्वतः घेते."

"तू गप्प बस," जिजी म्हणाली.

"तुम्ही गप्प बसा जिजी. सहा वर्षांत माझं एक ऐकलं का?"

"मॅडम, हिचं डोकं ठिकाणावर नाही, इंजिनाच्या आवाजानं झालंय."

मॅडम आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. मग नंदकुमारकडं बघितलं. त्यानं जमिनीकडं बघितलं.

"मला नोकरीत अठरा वर्षं झाली," मॅडम म्हणाल्या. "गलती कोणाची विचारलं की लोक एकमेकांकडं बोट दाखवतात. मालूबाई, पुढच्या पोळ्याला बैल कुठं धुणार?"

"नाल्यावर," मी म्हटलं. "नाल्याला पूर असला तर इथं, पण पावडर फाटकाबाहेर. झडती घेईन एकेकाची."

"घेईल," पाटील म्हणाले. "शंकाच नाही."

मॅडमनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग वही मिटून माझ्या हातात दिली. "मी खरं तेच लिहिलंय. चूक ऑपरेटरची, दुरुस्ती ऑपरेटरची. आणि खाली लिहिलंय की ऑपरेटर बदलायची गरज नाही."

त्या गेल्या. गाव पांगलं. मी इंजिन थंड होऊ दिलं, नळ बंद केला. जिजी कुंडीच्या कट्ट्यावर बसून होती, गुडघे दाबत. मी तिच्याशेजारी जाऊन बसली. छातीवरचा धोंडा गेला होता.

"जिजी, कशाला खोटं बोललात? माझ्यावर राग होता ना?"

"राग तुझ्यावर होता," ती म्हणाली. "तो मंडपातच संपला. त्याच्यानंतर बोलले नाही, कारण तू रोज तोंड पाडून यायची, बोलणार कोणाशी? आणि त्या इंदूरच्या बाईनं आपल्या गावातून बाईमाणसाला काढून बाहेरचा बाप्या ठेवायचा, हे मला चालणार होतं का?"

मी तिचा हात धरला आणि रडली, मोकळी रडली. तिनं थोडा वेळ धरू दिला. मग उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "चल, जेवलेली नाहीस. माझ्याकडं भाकरी आहे."